अकराव्या दिवशीचा चहा



भाद्रपदात दहा दिवस माझा चहा काळा असतो. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासून, म्हणजे सत्तावीस वर्षं, दशलक्षण पर्वात मी दुधाचा त्याग करते. रसपरित्याग हे आपल्या सहा बाह्य तपांपैकी एक. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ हे सहा रस. ज्याला जो झेपेल तो त्याने सोडायचा. सासूबाई (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो) मीठ सोडायच्या, आणि दहा दिवस त्यांच्या तोंडून कधी हूं की चूं निघालं नाही. मी दूध निवडलं, कारण मला ते सगळ्यांत जास्त आवडतं. कोल्हापूरकडची बाई आहे मी. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध उभ्याने पिणारी माणसं आमच्याकडची.

अनंत चतुर्दशीचा उपवास झाला की पौर्णिमेला पारणं. त्या सकाळी मी दुधाचा चहा करते, सायीसकट, आणि तोही दोन कप. दुपारी श्रीखंड असतं. दहा दिवसांची कसर एका दिवसात भरून काढायची माझी जुनी पद्धत आहे.

तीन वर्षांपूर्वी त्या पारण्याला धाकटी लेक पुण्याहून आलेली होती. तिने त्याआधी दोन वर्षं दूध-दही सगळंच सोडलेलं. ती व्हीगन आहे. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात तयार झाला असं तीच सांगते, आणि आमच्याकडे तो अजून नीट कुणाच्या जिभेवर बसलेला नाही. आत्याबाई तिला ‘ती दूध न पिणारी’ म्हणतात. तर माझा दुसरा कप ओठाला लागला आणि तिने विचारलं, “आई, दहा दिवस जमतं ते अकराव्या दिवशी का जमत नाही गं?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं. मी म्हटलं, “अगं, तो नियम असतो.” ती म्हणाली, “बरं.” आणि पोहे खायला लागली. तो प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला.

कारण गंमत अशी की त्या दहा दिवसांत मला दुधाची आठवणसुद्धा येत नाही. पहिले दोन दिवस डोकं जड वाटतं, तिसऱ्या दिवसापासून काही नाही. मग ती ओढ जाते कुठे, आणि पौर्णिमेच्या सकाळी सहा वाजता परत येते कुठून? गॅसवर आधण ठेवलं रे ठेवलं की हात फ्रीजकडे जातो. मी ठरवलेलं नसतं, हात आपला जातो.

लेकीने नंतर मला याबद्दल वाचायला दिलं. वेंडी वूड नावाच्या अमेरिकेतल्या बाई आहेत, मानसशास्त्रज्ञ. त्यांनी लोकांना तासातासाला नोंदी ठेवायला लावलं, आता काय करताय आणि मनात काय चाललंय. दिवसभरातल्या सुमारे ४३ टक्के गोष्टी माणसं रोज, त्याच जागी, त्याच वेळी करत होती, आणि पुष्कळदा मन भलतीकडेच होतं. मला हे वाचून हसू आलं. जपाची माळ ओढताना माझं मन कुठे असतं हे मला ठाऊकच आहे. चहाचंही तसंच असणार.

पण तो प्रश्न मला सवयीपेक्षा खोल कुठेतरी टोचत होता. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं खोटं होईल.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं. दारात चार-पाच म्हशी कायम. म्हैस व्याली की पंधरा दिवस तिचं दूध घरात यायचं नाही. शास्त्रात म्हशीला पंधरा, गाईला दहा आणि शेळीला आठ दिवस सांगितलेत. शेजारी खरवसाच्या वड्या पाडायचे आणि आम्ही पोरं नुसती बघत बसायचो. ते पंधरा दिवस रेडकू आईला पोटभर प्यायचं. सोळाव्या दिवसापासून त्याचं दावं आखूड व्हायचं. पान्हा सुटण्यापुरतं तोंड लावू द्यायचं आणि ओढून बाजूला बांधायचं.

मी चौथीत असताना एका रेडकाच्या कपाळावर पांढरा चांद होता. नर होता. मी त्याला चंद्या म्हणायची. एक दिवस शाळेतून आले तर दावं नुसतंच लोंबत होतं. वडील म्हणाले, “दिला.” कुणाला दिला, ते मी विचारलं नाही. आईने लगेच हातावर गुळाचा खडा ठेवला. आमच्या त्याच घरात पाणी गाळून झालं की फडक्यातले जीव पुन्हा विहिरीत सोडायचे, आणि दिवस मावळल्यावर चूल पेटायची नाही, चिलटं जळतील म्हणून. पण ‘दिला’ या शब्दाच्या पलीकडे आमच्यापैकी कुणी कधी गेलं नाही. रेड्याला शेतात फारसं काम नाही. आपल्या राज्यात गाईंना १९७६ च्या कायद्याने आणि बैल-वळूंना २०१५ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळालं, म्हशी आणि रेड्यांना ती सरसकट बंदी लागू नाही. तेव्हा तो कुठे गेला हे समजायला काही मोठी अक्कल लागत नव्हती. मला ते कळायला चाळिशी उलटावी लागली, असंही म्हणवत नाही. कळलं होतं. बघायचं नव्हतं.

कृत, कारित, अनुमोदना हे आपण लहानपणी पाठशाळेत पाठ करतो. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मान डोलावणं. मी रोज सकाळी फ्रीज उघडून तिसरं करत होते, असं एकदा मनात आलं ते गेलं नाही.

हे लिहिताना मला भीती वाटते ती माझ्या भावाची. तो हे वाचत नाही, पण त्याला कुणी तरी सांगेल. वडिलांमागे म्हशी त्यानेच सांभाळल्या. उसाचं बिल यायचं तेव्हा येतं, डेअरीचं दर दहा दिवसांनी येतं, त्यावरच त्याचं घर चालतं. माझ्या लग्नाचं कर्जसुद्धा त्यातूनच फिटलं. २०१९ च्या महापुरात गावात पाणी शिरलं तेव्हा तो छातीभर पाण्यात गोठ्यात गेला आणि सगळ्या म्हशींची दावी कापून त्यांना वरच्या रस्त्याला काढून मगच स्वतः बाहेर पडला. त्याच्या गोठ्यात निर्दयपणा नाही. तरीही दावं लोंबतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्या एका ओळीत बसवता येत नाहीत.

असो. तर त्या पारण्यानंतर चारच दिवसांनी मी मनाशी ठरवलं, आता कायमचंच सोडायचं. कुणाला सांगितलं नाही, मंदिरात जाऊन नियम घेतला नाही. जमलं तर सांगू, असा विचार. दसऱ्यापर्यंत टिकलं, साधारण तीन आठवडे. दसऱ्याला माहेरी गेले. भाऊ गोठ्यातून हात पुसत आला आणि म्हणाला, “आक्का, चहा घे, नव्या म्हशीचं दूध हाय.” भावजयीने कप पुढे केला. आता त्या उंबऱ्यावर ‘मला नको’ म्हणायचं म्हणजे नुसतं चहाला नको म्हणणं होत नाही. मी घेतला. एक कप. तेवढ्यावर थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण मनात आलं, आता मोडलंच आहे. मग जेवताना बासुंदी घेतली, दोनदा घेतली. येताना किटलीभर दूध घेऊन आले. पुढचे कित्येक महिने मी दुधाचं नाव काढलं नाही, म्हणजे सोडायच्या दृष्टीने. पीत होते, आधीपेक्षा जास्तच.

‘आता मोडलंच आहे’ हे वाक्य माझं एकटीचं नाही, हे नंतर कळलं. १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोघांनी कॉलेजातल्या मुलींवर एक प्रयोग केला. खाण्यावर स्वतःहून लगाम ठेवणाऱ्या काही आणि तसं काही न करणाऱ्या काही. त्यांना आधी मिल्कशेक पाजला, मग पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं आणि चव घेऊन सांगा म्हटलं. लगाम न ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकमुळे पोट भरल्याने आइस्क्रीम कमी खाल्लं. लगाम ठेवणाऱ्यांनी मिल्कशेक प्याल्यावर उलट जास्त खाल्लं. आजचा दिवस वायाच गेला ना, मग आता कशाला हात आखडायचा! (प्रयोगालाही नेमकं दूधच मिळालं त्यांना.) जितका बांध ताठ, तितकं फुटल्यावर पाणी जास्त.

आणि हे आपल्याकडे किती जुनं आहे बघा. सामायिक पाठात दोषाच्या चार पायऱ्या आहेत: अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार. मनाची शुद्धी ढळली तो अतिक्रम. मर्यादेचं कुंपण ओलांडलं तो व्यतिक्रम. विषयात पाऊल पडलं तो अतिचार. आणि त्यात लोळत राहणं हा अनाचार. मी हे आयुष्यभर म्हणत आले आणि एकदाही विचार केला नाही की चार वेगळी नावं का ठेवली असतील. भावाकडचा तो कप फार तर अतिचार होता. बासुंदीची दुसरी वाटी ते पुढचे सहा महिने, हा अनाचार. आणि तो मी ‘मोडलंच आहे’ म्हणून स्वतःला परवानगी देऊन केला. अतिचाराला प्रतिक्रमण असतं. संध्याकाळी बसायचं, चूक आठवायची, उद्या परत उभं राहायचं. पण त्यासाठी आधी नियम घेतलेला असावा लागतो. माझा तर नुसता मनातल्या मनातला बेत होता, त्याचं प्रतिक्रमण कशाचं करणार?

पुढच्या आषाढात आमच्या गावी एका आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, जन्मभरासाठी दुधाचा त्याग द्या. त्यांनी कारण विचारलं. मी चंद्याचं सांगितलं, भावाचं सांगितलं, रडले पण थोडीशी. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “यम नको, नियम घे.” रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी त्यागाचे हे दोन प्रकार सांगितलेत. जन्मभराचा तो यम, ठरावीक काळाचा तो नियम. माताजी म्हणाल्या, सोळा कारण भावनांमध्ये शक्तितस्त्याग आहे, त्यात ‘शक्तितः’ उगाच घातलेलं नाही. दिवाळीपर्यंत घे. आणि कुठे कसोटी लागणार ते आधी घरी जाऊन लिहून काढ, मग ये.

मला थोडा रागच आला. मी एवढी मोठी मागणी घेऊन गेले आणि त्यांनी गृहपाठ दिला. पण लिहायला बसले आणि कागद भरला.

त्या कागदावर दूध हा शब्द फार कमी वेळा आला. सकाळचे सहा आणि गॅस. दुपारचे चार, शेजारच्या काकू येतात ती वेळ. आत्याबाई गरम भातावर तूप वाढतात तो क्षण. माहेरचा उंबरा. कुणाच्या घरी बारसं-डोहाळजेवण असलं की पेढा. प्रवासात स्टँडवरचा चहा. म्हणजे मला सोडायचे होते ते हे सहा-सात प्रसंग होते. बाकी दिवसभर दूध माझ्या मागे लागलेलं नव्हतं.

पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं यावर पुष्कळ काम आहे. ‘मी अमुक सोडणार’ एवढं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं ठरवलेलं जास्त टिकतं. मी त्या कागदावर प्रत्येक प्रसंगापुढे एक ओळ लिहिली. आधण ठेवलं की आधी गवती चहाची पात कापायची, म्हणजे हाताला काम. फ्रीजऐवजी हात कुंडीकडे गेला पाहिजे. त्यात सुंठ आणि वेलदोडा. (आलं आमच्या घरात येत नाही, सुंठच.) काकू आल्या की त्यांचा चहा दुधाचा, माझा वेगळ्या रंगाच्या पेल्यात. हा पेल्याचा विचार लेकीचा. आणि तो फार कामाला आला. जुन्या कपात काळा चहा प्यायले की काहीतरी कमी आहे असं वाटायचं, नव्या पेल्यात वाटलं नाही.

तुपाचं काय करायचं ते सुचेना. दूध म्हणजे सवय होती, पण तूप म्हणजे आत्याबाई. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. आता स्वयंपाक होत नाही, पण तूप वाढण्याचं काम त्यांनी कुणाला दिलेलं नाही. भाताची मूद, वर वरण, आणि त्यांचा थरथरणारा चमचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला दिवस गेले आणि राहिले नाहीत, तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या, फक्त महिनाभर माझ्या भातावर दोन चमचे वाढत होत्या. आता त्या हाताला मी नको कसं म्हणू? पहिल्या दिवशी ताटावर हात आडवा धरला तर त्यांनी चमचा तसाच भांड्यात ठेवला आणि आपल्या भातावरही घेतलं नाही. ते जेवण फार वाईट गेलं.

दुसऱ्या दिवशी मी घाण्यावरचं शेंगतेल त्या तुपाच्या भांड्यासारख्याच लहान भांड्यात ओतलं आणि त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलं. म्हटलं, “आत्याबाई, मला यातलं वाढा.” त्यांनी वास घेतला. म्हणाल्या, “माझी आजी भाकरीवर हेच घालायची. तूप कुठं होतं तेव्हा आमच्यात.” आणि वाढलं. दोन चमचे. वरण-भाताला शेंगतेल सुरुवातीला अजिबात बरं लागत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तीन आठवडे गेल्यावर लागायला लागलं.

सवय रुजायला किती दिवस लागतात याबद्दल ‘एकवीस दिवस’ हे सगळीकडे ऐकायला मिळतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास करून २०१० साली छापला, त्यात मधला आकडा ६६ दिवस निघाला. आणि माणसामाणसात फरक केवढा, कुणाला १८ दिवस, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत जातो. मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने विशेष बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. हे वाचलं आणि लेकीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. दहा दिवसांत काही रुजत नाही, दहा दिवस आपण फक्त दम धरतो. पर्व संपलं, आजूबाजूच्या सगळ्यांचे नियम संपले, मंदिरातली गर्दी ओसरली की जुनी वाट परत मोकळी. आषाढ ते दिवाळी हे साडेतीन महिने होतात. चातुर्मास एवढा लांब का, याला शास्त्रात कारण पावसाळ्यातल्या जीवांचं आहे, सवयीचं नाही, ते मला माहीत आहे. पण बाईमाणसाला दोन्हीचा उपयोग झाला.

त्या काळात काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. शेंगदाण्याच्या दुधाचं दही लावायला मिरचीचे देठ टाकतात असं ऐकून लावलं, तर पहिल्या खेपेला त्याचा वास असा सुटला की भांडंच घासायला बाहेर न्यावं लागलं. तिसऱ्या खेपेला बरं जमलं. एक मजा मात्र सांगते. दही आणि डाळ एकत्र म्हणजे द्विदल, म्हणून मी जन्मात दहीवडा खाल्ला नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, “ह्यात दूधच न्हाई, मग द्विदल कसलं?” खरंच की! पन्नाशीत पहिला दहीवडा खाल्ला. एवढं काही खास नसतं त्यात.

डॉक्टरांकडे मात्र जा, हे मी ठासून सांगते. बी-१२ वनस्पतीतून मिळत नाही. माझं आधीच कमी होतं, दूध पीत असतानाच. आता गोळी घेते. कॅप्सूल असेल तर तिचं कवच जिलेटिनचं नाही ना, हे विचारून घ्या, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. कॅल्शियमला नाचणी आहे, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तीळ आहेत. मध तर आपण मूलगुणांतच सोडलेला असतो.

अवघड गेलं ते चौक्याचं. माताजींचा आहार आमच्या घरी व्हायचा होता. त्यांच्या चौक्यात दूध लागतं, धार काढल्यावर दोन घडीच्या आत तापवलेलं. मुनी-आर्यिकांनी दूध घेतलं तर त्यात शास्त्राला दोष दिसत नाही, आणि मी शास्त्रापुढे शहाणी नाही. मी पहाटे उठून दूध आणलं, तापवलं, शोधून आहारात दिलं. लेक फोनवर म्हणाली, “आई, मग उपयोग काय?” मी म्हटलं, माझा नियम माझ्या ताटापुरता. पण फोन ठेवल्यावर ते अनुमोदनेचं परत आठवलंच. अभिषेकाचंही तसंच. आमच्याकडे पंचामृत अभिषेक असतो. मी आता जल, नारळपाणी आणि उसाच्या रसाचा कलश घेते, दुधाचा दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. यातून पुढे काय, ते मला अजून सुचलेलं नाही. सुचलं की लिहीन.

दिवाळीच्या पहाटे निर्वाण लाडू चढवला आणि नियम पूर्ण झाला. प्रसादाच्या लाडवाचा तुकडा मी खाल्ला. साजूक तुपातला. चांगला लागला, अगदी चांगला लागला. मी घाबरून वाट पाहत होते की आता दुपारी श्रीखंडाचा डबा उघडणार. दुपारी झोप लागली. संध्याकाळी आधण ठेवलं आणि पात कापायला कुंडीकडे गेले. पाडव्याला मंदिरात जाऊन अक्षय्य तृतीयेपर्यंतचा नियम घेतला, प्रसादाची सवलत ठेवून. त्याला आता वर्ष उलटून गेलं. तसेच तुकड्या-तुकड्याने वाढवत आणते आहे.

भाऊबीजेला भाऊ आला. दर वर्षीप्रमाणे हातात पाच लिटरची किटली. मी त्याला फोनवर सांगितलं होतं. त्याने ऐकलं होतं आणि तरी आणली होती. ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, “तुला न्हाई. घरातल्यांना हाय.” ओवाळून झालं, जेवणं झाली. तो बाहेर पडवीत बसला होता, मी जाऊन शेजारी बसले. खूप वेळ कुणी काही बोललं नाही. मग तोच म्हणाला, “तुला त्या चांदवाल्याचं अजून आठवतंय व्हय? मला वाटलं मलाच आठवतंय.” तो तेव्हा सहा वर्षांचा होता. वडील त्याला सायकलवर पुढे बसवून बाजाराला घेऊन गेले होते. हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

काय पाहिलं, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

जाताना किटली द्यायची होती. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत. दूध मी शेजारच्या काकूंच्या पातेल्यात ओतून दिलं होतं. किटली घासून पुसून कोरडी केली आणि तिच्यात तिळाचे लाडू भरले, गुळाचे, तूप न घालता. त्याने झाकण उघडून पाहिलं, एक तोंडात टाकला.

“पुढच्या बारीला आणू का नको?” त्याने विचारलं.

“शेंगा आण,” मी म्हटलं. “यंदा तुझ्या शेंगा चांगल्या आल्यात म्हणे.”